पहिली ओ कोणाची?

अमेरिकेचं सरकार देशातल्या सगळ्या कामधंद्यांची एक अधिकृत यादी ठेवतं. 2018 साली सुधारलेल्या या यादीत 867 व्यवसाय आहेत आणि ते 23 मोठ्या गटांत लावलेले आहेत. त्यातला 33 क्रमांकाचा गट ‘संरक्षण सेवां’चा. पोलीस आणि अग्निशमन दलाचे जवान त्यात असणार, हे ओघानंच आलं. पण त्याच गटात समुद्रकिनाऱ्यावरचे जीवरक्षक आहेत, शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारे आहेत, मोकाट जनावरं पकडणारे आहेत, चुकीच्या जागी लावलेल्या गाडीवर दंडाची पावती खोचणारेही आहेत. एवढंच काय, कॅसिनोच्या आतल्या खोलीत बसून जुगाऱ्यांच्या हातांवर कॅमेऱ्यातून नजर ठेवणाऱ्यालाही सरकारनं संरक्षण सेवेत जागा दिली आहे.

911 हा आपत्कालीन क्रमांक फिरवल्यावर पलीकडून बोलणारा माणूस मात्र या गटात नाही.

तो सापडतो 43 व्या गटात, ‘कार्यालयीन व प्रशासकीय साहाय्य’ या मथळ्याखाली. शेजारपाजार असा: मीटरचं रीडिंग घेणारे, कुरियर पोचवणारे, टपाल खात्यातले कारकून, टॅक्सी आणि ट्रकच्या फेऱ्या लावणारे. 2018 च्या सुधारणेत त्याचं पदनाम तेवढं बदललं. आधी ‘पोलीस, अग्निशमन व रुग्णवाहिका डिस्पॅचर’ होतं, त्याचं ‘सार्वजनिक सुरक्षा दूरसंचारक’ झालं. दारावरची पाटी नवी आली, खोली तीच राहिली.

अमेरिकेत हे काम करणारी माणसं सुमारे 1 लाख आहेत आणि वर्षाला अंदाजे 24 कोटी फोन ती उचलतात. त्यांना 43 मधून काढून 33 मध्ये घाला, या मागणीचं विधेयक 2019 मध्ये तिथल्या संसदेत आलं आणि त्यानंतरही ही मागणी पुन्हा पुन्हा मांडली गेली. विधेयक आणणाऱ्यांत कॅलिफोर्नियाच्या खासदार नॉर्मा टॉरेस होत्या. राजकारणात येण्यापूर्वी लॉस एंजलिस पोलिसांच्या डिस्पॅचमध्ये त्यांनी 17 वर्षं फोन घेतले होते. 1990 च्या दशकात त्यांनी घेतलेल्या एका कॉलमध्ये 11 वर्षांच्या मुलीचा तिच्या काकाच्या हातून खून झाला. स्पॅनिश समजणारं कोणी लाइनवर येईपर्यंत तो कॉल ताटकळत राहिला होता. टॉरेस यांनी दुभाषी कर्मचाऱ्यांच्या भरतीसाठी लढा दिला, आणि त्यांच्या सार्वजनिक जीवनाची सुरुवात तिथून झाली. मुलाकडे न्यू जर्सीला किंवा कॅलिफोर्नियाला राहायला गेलेल्या मराठी आई-वडिलांना या ताटकळण्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

वरवर पाहिलं तर हे भांडण रकान्याचं आहे. पण रकाना कोणता हे ठरवताना एक जुना समज कामाला लागतो. काम करतो तो, ज्याचे हातपाय हलताना दिसतात. बोलणं म्हणजे कामाच्या आधीची तयारी, निरोप्याचं काम.

मराठीत या वादाची किल्ली आयतीच सापडते. आपण ‘हाकेला ओ देतो’ आणि ‘मदतीला धावून जातो’. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. ओ आधी, धावणं नंतर. इंग्रजीतल्या ‘रिस्पॉन्डर’ शब्दाचा मूळ अर्थही ओ देणारा असाच आहे. वापरता वापरता त्या शब्दाला पाय फुटले आणि तो फक्त धावून जाणाऱ्यांचा झाला. ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ म्हणून ज्यांचा गौरव होतो ते पोलीस, जवान आणि पॅरामेडिक घटनास्थळी पहिले पोचतात, यात शंका नाही. पण हाक त्यांच्या कानांवर आलेलीच नसते. ती दुसऱ्याच कोणीतरी ऐकलेली असते.

2018 ची यादी तयार होत असताना गट बदलण्याची मागणी संबंधित समितीपुढे आली होती. ती फेटाळताना समितीनं दिलेली कारणं थोडक्यात अशी: हे काम डिस्पॅचरचं आहे, फर्स्ट रिस्पॉन्डरचं नाही. बहुतेक डिस्पॅचरांना प्रत्यक्ष उपचार करण्याची, फोनवरून कृती करवून घेण्याची किंवा सल्ला देण्याची मुभा नसते. ते वेगळ्या जागी बसतात, त्यांचे वरिष्ठ वेगळे असतात. शिवाय इतर डिस्पॅचरांपासून त्यांना वेगळं काढलं तर गोंधळ होईल. कारणं नीट मांडलेली आहेत. म्हणूनच ती एकेक करून तपासता येतात.

फोनवरून कृती करवून घेण्याची मुभा नाही, हे विधान लिहिलं गेलं तेव्हाच 40 वर्षं शिळं झालं होतं. 1975 मध्ये ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरात एका आईनं अग्निशमन दलाला फोन केला. तिच्या बाळाचा श्वास थांबला होता. फोनवरच्या पॅरामेडिकनं गाडी पाठवून फोन ठेवला नाही. काय करायचं ते तो तिला सांगत गेला आणि बाळ वाचलं. फोनवरून जीव वाचवण्याच्या पद्धतीचा इतिहास बहुधा या कॉलपासून सांगितला जातो. पुढं काही वर्षांतच सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन विभागात डॉ. जेफ क्लॉसन यांनी प्रश्न आणि सूचना यांची कार्डं तयार केली: छातीत दुखतंय म्हटलं तर हे विचारा, बाळंतपण सुरू झालंय म्हटलं तर हे सांगा. आज त्या कार्डांची जागा संगणकाच्या पडद्यानं घेतली आहे आणि ही पद्धत अनेक देशांत चालते.

त्यातला सगळ्यांत कठीण प्रसंग हृदय बंद पडण्याचा. छाती दाबायला सुरुवात झाली नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. रुग्णवाहिका कितीही वेगानं निघाली तरी तिला ही मिनिटं परत आणता येत नाहीत. त्या वेळात घरात असते ती घाबरलेली बायको, मुलगा नाहीतर शेजारी. डिस्पॅचर त्यांना पेशंटला पलंगावरून जमिनीवर घ्यायला लावतो, तळहात छातीच्या मधोमध ठेवायला सांगतो आणि मोठ्यानं मोजायला लागतो: एक, दोन, तीन, चार. मिनिटाला 100 ते 120 दाब, गाडी दारात येईपर्यंत. हात घरच्या माणसाचे असतात, पण ते कधी, कुठं आणि किती जोरानं पडायचे हे ठरवणारा मैलभर लांब हेडफोन लावून बसलेला असतो. ॲरिझोनात या मार्गदर्शनाची शिस्तशीर घडी बसवण्यात आली आणि तिचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या रुग्णांपैकी जिवंत घरी जाणाऱ्यांचं प्रमाण 9.1 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर गेलं होतं. शंभरात तीन माणसं अधिक. फोनवरचं बोलणं सुधारलं, त्याचा हा हिशेब.

दुसरं कारण जागेचं. ते वेगळ्या ठिकाणी बसतात. कॅसिनोतला कॅमेरेवालाही वेगळ्याच खोलीत बसतो आणि कोणाच्या अंगाला हात लावत नाही, तरी त्याचा रकाना संरक्षणाचा. पण या कारणाचं खरं उत्तर टेक्सासमधल्या उव्हाल्डी गावात मिळतं. 24 मे 2022 रोजी तिथल्या रॉब प्राथमिक शाळेत शिरलेल्या एका बंदूकधाऱ्यानं 19 मुलांचा आणि 2 शिक्षिकांचा जीव घेतला. पोलीस काही मिनिटांतच शाळेत पोचले होते. पुढं एकूण 376 अधिकारी तिथं जमले. तरी वर्गात शिरून त्या माणसाला संपवायला 77 मिनिटं लागली. त्या वेळात वर्गातल्या मुली मेलेल्या मैत्रिणींशेजारी पडून, दबक्या आवाजात 911 वर पोलीस पाठवा म्हणून विनवत होत्या. वर्ग जखमींनी भरला आहे, ही बातमी डिस्पॅचमधून रेडिओवर गेलीही. त्या दुपारी मुलांच्या सर्वांत जवळ कोण होतं? बंद दाराबाहेर व्हरांड्यात उभे असलेले, की हेडफोनमधून त्यांचा श्वास ऐकणारे? अंतर फुटांत मोजायचं ठरवलं तर उत्तर एक येतं, कामात मोजलं तर दुसरंच. टेक्सासनं 2019 मध्येच स्वतःचा कायदा बदलून डिस्पॅचरांना फर्स्ट रिस्पॉन्डरच्या व्याख्येत घेतलं होतं. वॉशिंग्टनची यादी तेव्हाही तशीच होती आणि नंतरही तशीच राहिली.

तिसरं कारण इतर डिस्पॅचरांबरोबरच्या गोंधळाचं. टॅक्सीच्या डिस्पॅचरनं निरोपातला एक शब्द गाळला तर गिऱ्हाईक चुकीच्या कोपऱ्यावर उभं राहतं. 22 नोव्हेंबर 2014 रोजी क्लीव्हलँड शहरात एका माणसानं 911 ला फोन केला: बागेत कोणीतरी पिस्तूल रोखत फिरतोय. पिस्तूल बहुतेक खोटं असावं, असं तो दोनदा म्हणाला. फिरणारा बहुधा अल्पवयीन असावा, असंही म्हणाला. कॉल घेणारीनं संगणकात नोंद केली त्यात या दोन्ही गोष्टी आल्या नाहीत. रेडिओवरून गाडी पाठवणाऱ्याला त्या कळल्या नाहीत, आणि म्हणून गाडीतल्या पोलिसांनाही नाहीत. गाडी थांबल्यापासून दोन सेकंदांच्या आत 12 वर्षांच्या तामिर राइसला गोळी लागली. त्याच्याकडे खेळण्यातलं पिस्तूल होतं. गोळी झाडणाऱ्याची जबाबदारी त्यामुळे तसूभरही कमी होत नाही. तरी निरोपातून गळलेले ते दोन-तीन शब्द किती जड होते, हे लपत नाही. कॉल घेणारीला पुढे 2017 मध्ये 8 दिवसांसाठी निलंबित केलं गेलं. चूक झाली की तिचं मोजमाप मुलाच्या जिवाशी होतं आणि काम नीट झालं की त्याची गणना कारकुनीत होते. हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही.

यावर एक सरळ आक्षेप उरतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ही यादी सांख्यिकीसाठी आहे, मानसन्मानासाठी नाही. रकाना बदलून कोणाच्या पगारात एक डॉलरची भर पडत नाही. शिवाय ‘फर्स्ट रिस्पॉन्डर’ हा शब्द सैल सोडला तर उद्या इस्पितळाच्या दारावरचा वॉचमनही तो मागेल आणि धगीत शिरणाऱ्या जवानाच्या वाट्याचं त्यातलं वेगळेपण विरघळून जाईल. आक्षेपाचा पहिला भाग मान्यच करायला हवा: यादी म्हणजे पदक नव्हे. पण ती पदक नसेल तर तिनं काम जसं आहे तसं नोंदवायला हवं, आणि इथं नोंदच चुकली आहे. दुसऱ्या भागाचं उत्तर व्याख्या काटेकोर करण्यात आहे. समोरच्या माणसाचा जीव ज्याच्या त्या क्षणीच्या निर्णयावर अवलंबून आहे, त्याला आत घ्यावं. गाडी कोणती पाठवायची, किती पाठवायच्या, बाईला घराबाहेर पळायला सांगायचं की कपाटात लपायला, हे डिस्पॅचरच ठरवतो. वॉचमन ठरवत नाही.

पहिला प्रश्न कोणता विचारायचा, यातही हा निर्णय दिसतो. अनेक केंद्रांत ‘काय झालं’ याच्या आधी ‘कुठं’ हे विचारतात. फोन तुटला, बोलणारा बेशुद्ध पडला, कोणी हातातून फोन हिसकावला, तरी पत्ता हाती असला की गाडी निघू शकते. मोबाइलवरून आलेल्या कॉलचा ठावठिकाणा नकाशावर अंदाजानंच कळतो, मजला तर बऱ्याचदा कळतच नाही. म्हणून एका कानानं किंकाळी ऐकत, हातानं टाइप करत, चार-पाच पडद्यांवर नजर फिरवत, स्वतःचा आवाज सपाट ठेवून विचारावं लागतं: बाई, घर नंबर सांगा. पुन्हा सांगा. समोरून शिव्या येतात त्याही याच प्रश्नाला. इथं माणसं मरताहेत आणि तुम्ही पत्ते कसले विचारताय! गाडी तोवर निघालेली असते, हे फोन करणाऱ्याला दिसत नाही.

ऐकण्याची जखम होते का, असा प्रश्न बराच काळ कोणी विचारलाच नव्हता. नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठातल्या मिशेल लिली आणि हेदर पिअर्स यांनी 24 राज्यांतल्या 171 कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 2012 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आघात करू शकणाऱ्या कॉलच्या प्रकारांपैकी जवळपास एक तृतीयांश प्रकारांत या लोकांनी तीव्र भीती, असहायता किंवा थरकाप अनुभवल्याचं सांगितलं होतं. सर्वांत वाईट कॉल कोणता, या प्रश्नावर पुन्हा पुन्हा आलेलं उत्तर होतं लहान मुलाच्या मृत्यूचं किंवा दुखापतीचं. घटनास्थळी गेलेला जवान निदान शेवट पाहतो. डिस्पॅचरच्या वाट्याला गोष्टीचा पहिला अर्धा भागच येतो. दार उघडल्याचा आवाज येतो, कोणीतरी ‘आले, आले’ म्हणतं आणि लाइन बंद होते. बाळ रडलं की नाही, हे कित्येकदा कळतच नाही, कारण पुढचा फोन वाजत असतो. कारकुनी कामाच्या गटातल्या माणसानं ‘ऐकलेल्या’ गोष्टीमुळे मानसोपचाराची भरपाई मागितली तर वरिष्ठांच्या कपाळावर आठी येते. जवानाच्या बाबतीत तो प्रश्न निदान चर्चेला तरी येतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यानं 2020 मध्ये कायदा करून डिस्पॅचरांना फर्स्ट रिस्पॉन्डर ठरवलं, त्याला हीच पार्श्वभूमी आहे.

टेलिफोनवर बसणाऱ्यांना ‘बाहेरचे’ ठरवण्याची सवय अमेरिकेत जुनी आहे. पहिल्या महायुद्धात, 1918 मध्ये, अमेरिकी सेनेच्या जनरल पर्शिंग यांना फ्रान्समधल्या आघाडीसाठी इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येणाऱ्या टेलिफोन ऑपरेटर हव्या होत्या. दोनशेहून अधिक स्त्रिया गेल्या. त्यांनी शपथ घेतली, गणवेश घातला, आघाडीजवळ तोफांच्या आवाजात स्विचबोर्ड चालवले. त्यांच्या प्रमुख ग्रेस बँकर यांना पदकही मिळालं. परतल्यावर लष्करानं सांगितलं, तुम्ही सैनिक नव्हताच, नागरी कर्मचारी होतात. मर्ल इगन अँडरसन या ऑपरेटरनं त्यासाठी कित्येक दशकं पत्रव्यवहार केला. 1977 मध्ये कायद्यानं त्यांना माजी सैनिक मानलं, तोवर बहुतेकजणी जग सोडून गेल्या होत्या. आजच्या 911 केंद्रांतही बहुसंख्य स्त्रियाच आहेत. बसून, बोलून आणि बाईनं केलेलं काम हलकं धरायचं, ही सवय या दोन्ही काळांना जोडते.

महाराष्ट्राला हे सगळं परकं वाटण्याचं कारण नाही. हैदराबादेत 15 ऑगस्ट 2005 रोजी सुरू झालेला 108 हा क्रमांक जानेवारी 2014 मध्ये महाराष्ट्रात आला. 937 रुग्णवाहिका आणि पुण्यातलं एक कॉल सेंटर, असा त्याचा पसारा होता. निर्भया निधीतून उभा राहिलेला 112 हा एकच क्रमांक 2018 मध्ये प्रथम हिमाचल प्रदेशात आला. महाराष्ट्रातले 112 चे फोन आज नवी मुंबई आणि नागपूरच्या केंद्रांत उचलले जातात. 108 चा गौरव करायचा झाला तर फोटो रुग्णवाहिकेचा छापतात. फार तर डॉक्टर आणि चालक त्यात असतात.

पोलीस खात्यात ‘कंट्रोल’ हा शब्द मात्र वजनदार आहे. ‘कंट्रोलला कळवा’, ‘कंट्रोलचा निरोप आहे’ म्हटलं की बीटवरचा माणूस हलतो. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर झालेल्या हल्ल्याचा हिशेब मांडायची वेळ आली तेव्हा या कंट्रोल रूमच्या नोंदी किती महत्त्वाच्या ठरतात, ते महाराष्ट्रानं पाहिलं. त्या हल्ल्यात मारले गेलेले पोलीस अधिकारी अशोक कामटे यांच्या पत्नी विनीता कामटे यांनी माहितीच्या अधिकारात त्या नोंदी मिळवल्या आणि 2009 च्या ‘टू द लास्ट बुलेट’ या पुस्तकात त्यांच्या आधारे प्रश्न विचारले. नोंदींच्या अर्थावरून वाद झडले. पण कंट्रोलला कोणत्या मिनिटाला काय कळलं आणि त्यानं ते कोणाला सांगितलं, यावर माणसांचं जगणं-मरणं अवलंबून होतं, हे त्या वादातल्या सगळ्याच बाजूंनी गृहीत धरलेलं होतं.

मान्यतेची मागणी म्हणूनच शाल-श्रीफळाशी थांबून चालणार नाही. अमेरिकेत एप्रिलमध्ये या कर्मचाऱ्यांसाठी एक आठवडा साजरा होतो, 1981 पासून. केक येतो, फुगे लागतात आणि सोमवारी पुन्हा माणसं कमी म्हणून सक्तीचा ओव्हरटाइम. दुसरीकडे, या कामासाठी देशभर लागू असलेला किमान प्रशिक्षणाचा एकच नियम अजून नाही. एका राज्यात काही आठवड्यांचं शिक्षण सक्तीचं, दुसऱ्यात ज्याच्या त्याच्या मर्जीवर. रकाना बदला म्हणणाऱ्यांनी याची जोडमागणी तितक्याच जोरानं करायला हवी. प्रत्येक खुर्चीवर फोनवरून सीपीआर, म्हणजे छाती दाबण्याची ती कृती, सांगता येणारं माणूस हवं, वाईट कॉलनंतर हेडफोन उतरवून बाहेर जाता यावं, आणि क्लीव्हलँडसारखी चूक झाली तर तिची चौकशी एका बाईच्या 8 दिवसांच्या निलंबनावर न संपता शब्द कुठल्या टप्प्यावर गळला इथपर्यंत पोचावी. जवानाला मान मिळतो तसा जाबही विचारला जातो. डिस्पॅचरला आज जाब तेवढा मिळतो.

व्यवसायांच्या यादीची पुढची आवृत्ती 2028 ची आहे. समितीसमोर हा अर्ज पुन्हा असेल, आणि या वेळी ‘फोनवरून कृती करवून घेण्याची मुभा नसते’ हे वाक्य लिहिण्याआधी तिला ॲरिझोनाचे आकडे बघावे लागतील.

911 चा पहिला फोन अलाबामातल्या हेलीव्हिल या लहानशा गावात वाजला, 16 फेब्रुवारी 1968 च्या दुपारी. लावला होता राज्याच्या विधानसभेचे सभापती रँकिन फाइट यांनी, गावच्या सिटी हॉलमधून. पोलीस ठाण्यात तो उचलला खासदार टॉम बेव्हिल यांनी, आणि ते ‘हॅलो’ म्हणाले. इतिहासात ही दोन नावं राहिली आणि गावानं तो लाल फोन जपून ठेवला. समारंभ आटोपल्यावर दोघंही पुढारी आपापल्या वाटेनं गेले. फोन ठाण्यातच राहिला, आणि पुढची रिंग वाजली तेव्हा ती उचलायला त्या दिवशी ड्युटीवर असलेलं कोणीतरी.